मराठा फौजेचे नियम आणि पुढच्या रविवारचं मतदान

नमस्कार काका,

आम्ही चौघे मित्र दर रविवारी मुलुंडला एकाच्या घरी जमून अठराव्या शतकातल्या लढाया खेळतो. १५ मिलिमीटरची मिनिएचर, सहा फूट बाय चार फुटांचं प्लायवूड, नियम इंग्रजी पुस्तकावरून घेऊन आमच्या सोयीने बदललेले. मराठा फौज ज्याच्या घरी खेळतो त्या मित्राची, एकेक स्वार त्याने स्वतः रंगवलाय. मी कधी अब्दाली खेळतो, कधी निजाम. हल्ली तो सारखा हरतोय, म्हणून त्याने मराठा फौजेसाठी तीन बदल सुचवलेत. एक : घोडदळाची चाल १२ इंचांवरून १८ इंच, आणि चार्ज केल्यानंतर मोराल टेस्ट न देता माघार. (सध्या दोन फाशांची बेरीज ७ किंवा कमी आली तरच युनिट टिकतं, नाहीतर पळतं.) दोन : गारद्यांना (कवायती बंदूकधारी पायदळाला) गोळीबारात हुकलेल्या फाशांचा रीरोल, म्हणजे ते फासे पुन्हा टाकायचे. तीन : एक तृतीयांश फौज लपवून ठेवायची आणि हवी तेव्हा, हव्या त्या कडेने टेबलावर आणायची.

मी तिन्हींना नाही म्हणालो. त्यावर तो म्हणाला, ‘तुला मराठे जिंकलेले बघवतच नाहीत.’ काका, मी काय परका आहे का? तेव्हापासून ग्रुपवर कोणी बोलत नाही. पुढच्या रविवारी मतदान आहे आणि ते दोन विरुद्ध दोन होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची धाकटी बहीण आमचा हिशेब लिहिते, ती कोणाच्याच बाजूची नाही. मी काय करू? आणि बदल झालेच, तर यंदाच्या तक्त्यातले जुने निकाल धरायचे की नाही?

– परळहून एक वाचक

* * *

मतदान घेऊ नका. दोन विरुद्ध दोन होणार हे आधीच माहीत असेल, तर त्यातून नियम ठरणार नाही, कोण कोणाच्या बाजूचा एवढंच पक्कं होईल. त्याऐवजी पुढचे काही रविवार खेळा. कसं खेळायचं ते सांगतो, पण आधी तिन्ही सूचना सुट्या करून बघू. तू तिन्हींना एका दमात नाही म्हणालास, ते मला पटलेलं नाही. त्यातली एक खेळाच्या मुळावर येणारी आहे, एक चांगली पण अर्धवट मांडलेली आहे, आणि एक तर तूच सुचवायला हवी होतीस.

घोडदळाचं घे. टेबलाची खोली चार फूट, म्हणजे ४८ इंच. दोन्ही फौजा आपापल्या कडेपासून १२ इंचांत मांडतात असं धरतो, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. मध्ये राहिले २४ इंच. आज घोडदळ १२ इंच चालतं आणि चार्जचे ६ इंच धरले, तर १८ इंचांवर त्याची धाव संपते. पहिल्या टर्नला ते मैदानाच्या मध्ये कुठेतरी उभं राहतं आणि समोरच्या तोफांना एक बार मिळतो. चाल १८ केली की १८ आणि ६ मिळून बरोबर २४. मित्राची पहिली टर्न आली, तर निजामाचे गोलंदाज बत्ती लावायच्या आत कापले जातील. कागदावर वाढले ते सहा इंच, वीतभरसुद्धा नाहीत, पण तेवढ्याने अख्खा तोफखाना खेळातून उठतो.

त्यावर बिनटेस्टची माघार. दोन फाशांचे ३६ निकाल होतात, त्यांतले २१ वेळा बेरीज ७ किंवा कमी येते आणि १५ वेळा जास्त. म्हणजे आज चार्ज फसला, तर १०० पैकी साधारण ४२ वेळा युनिट पळतं. हा धोका पत्करून चार्ज करायचा की नाही, हाच घोडदळ खेळवणाऱ्याचा खरा निर्णय असतो. तो धोकाच काढून टाकला, की निर्णय उरत नाही. आणि त्याहून वाईट गोष्ट टर्नच्या रचनेत आहे. तो त्याच्या टर्नला येणार, मारणार आणि त्याच टर्नला निघून जाणार. तुझी टर्न येईल तेव्हा तुझ्या आवाक्यात काहीच नसेल. मग कोणीतरी म्हणेल, ‘पॉइंट्स, म्हणजे त्या युनिटची किंमत, वाढवूया.’ त्याने भागत नाही. ज्याला उत्तरच देता येत नाही असं युनिट महाग केलं, तर टेबलावर ते संख्येने कमी येईल इतकंच. जे येईल त्याला उत्तर तरीही नसेल.

तुझ्या मित्राच्या मनात काय आहे ते मला कळतं. त्याला बाजीरावांचं घोडदळ हवंय. ते हवंच. पण ते घोडदळ कशामुळे जिंकत होतं ते बघ. पालखेडची मोहीम घे, १७२८ सालची. निजामाचा तोफखाना दख्खनेत नावाजलेला होता आणि बाजीराव त्या तोफांच्या तोंडी गेलेच नाहीत. मुलखातून फिरत राहून त्यांनी निजामाला आपल्या मागे धावायला लावलं. धावायचं म्हणून निजामाने जड तोफा मागे सोडल्या, आणि वैजापूरजवळ पालखेडला त्याची फौज अशा जागी अडकली की पाणीही नाही आणि रसदही नाही. मार्च महिन्यात मुंगी-शेवगावला तह झाला. मोठी तुंबळ लढाई अशी झालीच नाही. तो वेग दिवसांचा आणि कोसांचा होता. तुम्ही टेबलावर मांडता ते दोन-चार तास आणि कोसभर मैदान. तेवढ्यात बारगिराचं घोडं समोरच्याच्या घोड्यापेक्षा दीडपट धावत नाही.

म्हणून चाल १२ इंचच ठेवा आणि वेग टेबलाच्या आधी आणा. एका कागदावर नऊ चौकोन आखा, हा मुलूख. त्यांतल्या दोन चौकोनांत नदी किंवा मोठा तलाव दाखवा. एक टर्न म्हणजे एक आठवडा. मराठा फौज एका टर्नला दोन चौकोन सरकते. निजाम तोफांसकट एकच सरकतो, तोफा मागे ठेवल्या तर तोही दोन. दोघे एका चौकोनात आले की टेबल मांडायचं. निजामाने तोफा मागे ठेवल्या असतील, तर त्या दिवशी त्या पेटीतच राहतील. पाण्याचे दोन्ही चौकोन मराठ्यांच्या ताब्यात असतील, तर निजामाच्या प्रत्येक युनिटला मोरालसाठी ७ ऐवजी ६ किंवा कमी लागतील. हा एक आकडा किती भारी पडतो ते बघ. टिकण्याची शक्यता ३६ पैकी २१ वरून १५ वर येते. वरचा हिशेब उलटा झाला, आता ४२ वेळा टिकतं आणि ५८ वेळा पळतं.

असा डाव मांडलात, तर मित्राला त्याचा गनिमी कावा मिळेल आणि तुलाही खरा पेच पडेल, की तोफा ओढत हळू जाऊ की सोडून पळू. निजामाला तोच पेच पडला होता. मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. तीनशे वर्षांपूर्वी एखाद्या सेनापतीपुढे उभी राहिलेली अडचण रविवारच्या दुपारी आपल्यापुढे तशीच येऊन उभी राहते. फाशावर फुकटचे गुण देऊन ती येत नाही.

माघारीची मात्र मुभा त्याला दे, थोडी किंमत लावून. चार्ज करून घोडदळ मागे येऊ शकेल, टेस्ट नको. पण त्या युनिटवर घोडी दमल्याची खूण ठेवायची आणि पुढच्या टर्नला त्याला चार्ज करता येणार नाही. आणि आठ इंचांच्या आत शत्रूचं मोकळं घोडदळ असेल, तर त्याला लगेच पाठलाग करता येईल. म्हणजे तुलाही अब्दालीचे दुराणी स्वार कुठे उभे करायचे याचा विचार करावा लागेल. आत्ता तुझं सगळं लक्ष तोफांवर असणार, असं मला वाटतं.

आता गारदी. इथे मी तुझ्या मित्राच्या बाजूने आहे.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठ्यांच्या डाव्या बगलेला इब्राहीमखान गारद्याच्या पलटणी होत्या. कवायती पायदळ, बंदुका आणि तोफा. सकाळी त्यांनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. ही पलटण तुमच्या टेबलावर साध्या पायदळासारखी लढत असेल, तर ते पानिपत होत नाही. आणि अब्दाली खेळणाऱ्या तुझ्या दृष्टीनेही ते खोटंच आहे. अब्दालीचं कसब कशात होतं? उजवी बगल मोडत असताना त्याने राखीव फौज दुपारपर्यंत हातात ठेवली आणि नेमक्या वेळी घातली, जोडीला जंबुरकांचा, म्हणजे उंटांवरच्या हलक्या तोफांचा, मारा. समोर गारदीच लेचेपेचे असतील, तर राखीव फौज धरून ठेवायची गरज तुला पडेल कशाला?

पण रीरोल नको. ‘फक्त रीरोल तर मागतोय’ असं तो म्हणत असेल, म्हणून हिशेब करून दाखव. १२ गारदी, प्रत्येकाचा एक फासा, ४ किंवा वर आला की गोळी लागते, म्हणजे सरासरी सहा लागतात. हुकलेले सहा फासे पुन्हा टाकले की त्यांतले आणखी तीन लागतात, म्हणजे नऊ. रीरोलऐवजी साधा एकचा फायदा दिला, ४ च्या जागी ३, तर लागतात आठ. गोळी लागलेल्याला वाचायला फाशावर ५ किंवा वर लागत असेल, तर तिसरा हिस्सा वाचतो. आज मरतात चार, एकच्या फायद्याने पाचाच्या थोडे वर, रीरोलने सहा. १२ च्या युनिटमधले सहा गेले म्हणजे निम्मं युनिट गेलं, आणि अनेक नियमांत निम्म्यावर मोराल टेस्ट लागते. म्हणजे रीरोल दिला तर गारद्यांचा प्रत्येक बार सरासरीनेच समोरच्याला टेस्टवर आणतो. एकच्या फायद्याने तो तिथवर जेमतेम पोचतो, कधी अलीकडे, कधी पलीकडे. लढाईत तेवढी धाकधूक राहायला हवी.

एकचा फायदा दे आणि त्याला पानिपताचीच अट जोड. गारद्यांच्या पुढे स्वतःचं घोडदळ आलं, तर त्या टर्नला गोळीबार बंद. भाऊसाहेबांचा बेत गोलाच्या लढाईचा होता, सगळ्यांनी आपापली जागा धरून पुढे सरकायचं. शेजारचे सरदार जागा सोडून पुढे घुसले आणि आपल्याच बंदुकांच्या आड आले. तुझ्या मित्राला टेबलावर नेमका हाच मोह होणार. समोर रोहिले मोडताना दिसतील, घोडदळ मोकळं असेल, हात शिवशिवतील. त्याने ते आवरलं, तर पानिपत फिरवण्याची संधी त्याच्या हातात आहे. नाही आवरलं, तर का हरलो ते त्याला कोणी सांगावं लागणार नाही. या अटीवर तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही. ज्याने एकेक स्वार रंगवलाय, त्याला ही गोष्ट तुझ्या-माझ्याहून जास्त ठाऊक असेल.

राहिली लपवलेली फौज. कल्पना चांगली आहे, फक्त ‘हवी तेव्हा, हव्या त्या कडेने’ हे शब्द काढा. १६६१ साली महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाला गाठलं, तेव्हा फौज कुठूनही उगवली नव्हती. खिंड अरुंद होती, रानात माणसं आधीच बसवली होती, खान तिथूनच उतरणार याची खबर होती. दबा जागेला बांधलेला असतो. तेव्हा डाव सुरू व्हायच्या आधी मित्राने चिठ्ठीवर लिहायचं, कोणतं युनिट कोणत्या झाडीत किंवा कोणत्या टेकडीमागे. चिठ्ठी बंद. लिहिलेली जागा बदलायची नाही. तुझं एखादं युनिट त्या जागेच्या सहा इंचांत गेलं, तर चिठ्ठी उघडायची. टेबल उघडंबोडकं असेल, तर दबाही नाही.

चिठ्ठ्या कोणाकडे द्यायच्या? त्याच्या बहिणीकडे, तिची तयारी असेल तर. प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी क्रीगश्पील, म्हणजे युद्धाचा खेळ, तयार केला, मुलाचे नियम १८२४ साली छापले गेले. त्यात दोन्ही बाजूंमध्ये एक पंच असायचा. हुकूम त्याच्याकडे लिहून द्यायचे, आणि समोरच्याला जेवढं खरोखर दिसलं असतं तेवढंच तो नकाशावर मांडायचा. आजच्या टेबलावरच्या वॉरगेमांचं मूळ तिथे आहे, आणि तुमच्याकडे पंच आपण होऊन बसलेला आहे. नुसता हिशेब लिहायला लावून तुम्ही तिला वाया घालवताय. मात्र तिला नीट विचार, गृहीत धरू नकोस.

आता खेळायचं कसं. एका वेळी एकच नवा नियम घ्या. तीन एकदम घेतले, तर कशाने काय झालं ते कळणार नाही. एकच लढाई, तीच मांडणी, दोनदा खेळा आणि दुसऱ्या वेळी फौजा बदला. नव्या नियमांची मराठा फौज तू खेळव, अब्दाली त्याला दे. बहिणीला जिंकलं कोण याखेरीज आणखी दोन गोष्टी लिहायला सांग : पहिली तोफ कोणत्या टर्नला उडाली, आणि कोणाला किती टर्न नुसतं बघत बसावं लागलं. त्याला १८ इंचांच्या चालीचाच हट्ट असेल, तर तोही असाच खेळून बघा. आपले गोलंदाज एकही गोळा न उडवता कापले गेलेले त्याने अब्दालीच्या खुर्चीतून पाहिले, की तुला काही बोलावं लागणार नाही. आणि गारदी चालवताना तुझ्याच घोडदळाने तुझा बार अडवला, की त्या पलटणीला एकचा फायदा का हवा होता, ते तुझ्याही लक्षात येईल.

नियमाला हात लावण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या टेबलावर आडोसा किती आहे? सपाट हिरवं कापड आणि कोपऱ्यात दोन झाडं असतील, तर हलकं घोडदळ हरणारच. त्याचे पराभव कदाचित नियमांमुळे नसतीलच. एक ओढा, दोन टेकड्या, एक गाव, थोडी झाडी एवढं तरी मांडा. सामान अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळून जाईल, आणि मुंबईच्या घरात ते ठेवायला जागा नसेल, तर कापडाखाली पुस्तकं सरकवूनही झकास टेकडी होते.

आता ते वाक्य. ‘तुला मराठे जिंकलेले बघवत नाहीत.’ लागलं तुला, लागणारच. पण त्याच्या जागी बसून बघ. रात्ररात्र जागून भिंग लावून त्याने ती फौज उभी केली, आपल्या घरात, आपल्या टेबलावर मांडली, आणि दर रविवारी ती तुझ्या हातून मार खाते. गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची बॅटिंग चालते. त्याने तसं केलं नाही. नियम लिहून तुमच्यापुढे ठेवले, मत मागितलं. त्यावर तू तिन्हींना नाही म्हणालास, तेव्हा त्याला ते नियमांपुरतं वाटलं नाही. तू परका नाहीस हे सिद्ध करत बसू नकोस. अब्दालीची फौज कोणीतरी मन लावून खेळल्याशिवाय पानिपत मांडताच येत नाही, आणि ते काम तू आनंदाने अंगावर घेतलंयस. एवढं त्याला सांग, आणि तेही ग्रुपवर नको. फोन कर, किंवा रविवारी तासभर लवकर जा. सुरुवात गारद्यांपासून कर : ‘गारद्यांचं तुझं बरोबर होतं, मी उगाच अडवलं.’ मग नऊ चौकोनांचा कागद काढ. १८ इंचांचा विषय त्यानंतर.

उरलेल्या दोघांनाही आधी कळव की मतदान पुढे ढकललंय, म्हणजे आयत्या वेळी कोणी हात वर करायला उभा राहणार नाही.

तक्त्याचं विचारलंस. जुने निकाल जुन्या नियमांनी झाले, ते तसेच राहू देत, त्यांना हात लावू नका. नव्या नियमांचे चाचणीचे डाव तक्त्यात धरूच नका, नाहीतर प्रत्येक जण नियम तपासायचा सोडून गुण वाचवायला खेळेल. चाचण्या संपल्या की ठरलेले नियम एका कागदावर लिहा, चौघांनी आणि बहिणीने सही करा, आणि दिवाळीनंतर नवा तक्ता सुरू करा. तो संपेपर्यंत मराठा फौजेचाच काय, कुठल्याच फौजेचा नियम बदलायचा नाही. मध्येच कोणाला काही सुचलं, तर त्याच कागदाच्या मागे तारखेसकट लिहून ठेवा आणि तक्ता पुरा झाला की काढा.